थप्पी कोणाची?

१९८८ साली मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बँकेत अधिकारी होतो. महिन्यातून एकदा हातात बॅटरी घेऊन गोदामात शिरायचे, बँकेकडे तारण असलेली पोती मोजायची आणि रजिस्टरवर सही करायची, हे माझ्याकडे लागलेले काम. एक थर मोजायचा आणि थरांच्या संख्येने गुणायचे, एवढेच ते शास्त्र. एकदा एक म्हातारा हमाल हळूच म्हणाला, "साहेब, वर चढून बघा की." वर चढलो, तर तुरीच्या थप्पीत मधोमध विहीर! चारी बाजूंनी पोत्यांची भिंत आणि आत पोकळी. तेव्हापासून गच्च भरलेले गोदाम पाहिले की मला आनंद होत नाही, शंका येते.

गोदामातली जागा वाया जाते, अशी ओरड आपल्याकडे नेहमीची आहे. त्यावर सुचवले जाणारे उपायही ठरलेले : उंच रचा, बोळ अरुंद करा, कोपरे भरा. भिवंडीच्या गोदामांत खोकी ठेवायची असतात, तिथे लोखंडी मांडण्या छपरापर्यंत नेता येतात. धान्याचे तसे नाही. सोयाबीनची थप्पी फार उंच गेली की खालचा दाणा फुटतो, माल आतून तापतो. थप्पी आणि भिंत यांमध्ये दोन-अडीच फूट मोकळे सोडावे लागतात. फवारणीवाला तिथूनच जातो, धुरी देताना ताडपत्री तिथूनच ओढली जाते. बोळ बुजवला की आधी आलेला माल मागे अडकतो आणि त्याला पोरकिडा लागतो. तेव्हा बोळातली जागा वाया गेलेली नव्हे.

मग वाया जाते कुठे? माझ्या मते मालाच्या मालकीत.

हिशेब साधा आहे. तीस फूट बाय वीस फूट ही थप्पीची रूढ मापे. पन्नास किलोच्या आडव्या पोत्याला ढोबळमानाने सहा चौरस फूट धरा. एका थरात शंभर पोती, दहा थरांत हजार. एका व्यापाऱ्याची हजार पोती भोवतालच्या बोळातला वाटा धरून सव्वासातशे चौरस फुटांत मावतात. तीच हजार पोती पन्नास शेतकऱ्यांनी वीस-वीस करून आणली, तर पन्नास थप्प्या. प्रत्येकीभोवती बोळ हवा, आणि चार पोत्यांच्या पायावर दहा थर कोण रचील? पाचवर थांबावे लागते. जागा लागते सुमारे पावणेतीन हजार चौरस फूट, म्हणजे जवळजवळ चौपट. भाडे मात्र पोत्यामागे. वखारपालाने कुणाला जागा द्यावी? त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही व्यापाऱ्यालाच दिली असती.

पण वखारी उभ्या राहिल्या त्या कुणासाठी? १९५४ च्या ग्रामीण पतपाहणी अहवालात त्यांची शिफारस झाली, १९५६ चा कायदा आला, १९५७ साली राज्य वखार महामंडळ निघाले. सुगीत पडत्या भावाला माल विकावा लागू नये, तो ठेवून पावतीवर कर्ज मिळावे, हा त्यामागचा विचार. १९९०-९१ पासून पणन मंडळाची शेतमाल तारण योजनाही आहे. पण दाराशीच "जागा नाही" म्हटले की वीस पोतीवाला तसाच आडतीवर जातो.

यावर जुना तोडगा आहे. शिकागोत १८५० च्या दशकात रेल्वेने धान्याचा पूर आला, तेव्हा तिथल्या व्यापारी मंडळाने गव्हाच्या प्रती ठरवल्या आणि एका प्रतीचा माल एकत्र ओतायला सुरुवात झाली. पावती विशिष्ट पोत्यांची नव्हे, तर इतक्या वजनाच्या, इतक्या प्रतीच्या मालाची. त्यात लबाड्याही झाल्या ; १८७१ साली इलिनॉय राज्याला कोठारवाल्यांवर कायदा करावा लागला आणि १८७७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे नियमन वैध ठरवले. आपल्याकडे वखार नियमनाचा कायदा २००७ चा, इलेक्ट्रॉनिक पावत्या २०१७ पासूनच्या. पन्नास शेतकऱ्यांचा एकाच प्रतीचा माल एका थप्पीत लावला, की पावणेतीन हजार फुटांचे काम सव्वासातशे फुटांत होते. शेतकरी उत्पादक कंपन्यांना हे सहज जमावे.

शेतकरी म्हणतो, "मला माझाच माल परत हवा." मी त्याला विचारतो, बँकेत ठेवलेली नोट तरी तीच परत मिळते का? तो हसतो, पण पटत नाही त्याला. आणि त्याचे चूक नाही. नोटेवर किंमत छापलेली असते, सोयाबीनवर नसते. त्याचे सोयाबीन वाळलेले, शेजाऱ्याचे भिजलेले. बारा टक्के ओलावा कुणाचा आणि पंधरा कुणाचा, हे ठरवणार कोण? सारा प्रश्न त्या ओलावा मोजण्याच्या यंत्रापाशी येऊन थांबतो. मी पाहिलेल्या वखारींत ते यंत्र खिडकीच्या आत, बाबूच्या टेबलावर असते आणि आकडा तोच वाचून सांगतो. ते बाहेर ओट्यावर, वजनकाट्याशेजारी ठेवावे, नमुना शेतकऱ्याच्या हाताने काढावा आणि आकडा त्याने स्वतः वाचावा. यंत्र आतून ओट्यावर आणायला फार तर दहा पावलांचे अंतर आहे.