धाकटा गुरुजी, थोरला विद्यार्थी

प्रौढ साक्षरतेच्या वर्गात एक विपरीत नाते जन्माला येते. एरवी वडीलधाऱ्यांसमोर ज्याने खाली मान घालून उभे राहायचे, तो वीस-बावीस वर्षांचा मुलगा हातात खडू घेऊन उभा राहतो. आणि ज्याच्या शब्दावर भावकीचे तंटे मिटतात, तो साठीचा शेतकरी त्याच्यासमोर पाटी घेऊन बसतो. साक्षरता मोहिमांच्या अपयशाचे खापर निधीच्या आणि पुस्तकांच्या टंचाईवर सर्रास फोडले जाते. प्रौढांसमोर उभे कसे राहावे हे त्या मुलाला कोणी शिकवलेच नाही, याची चर्चा मात्र फारशी होत नाही.

२ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. १५ ते ३५ वयोगटातील १० कोटी निरक्षरांपर्यंत पोचण्याचा संकल्प होता आणि शिक्षकाचे मानधन होते दरमहा ५० रुपये! ज्याच्या कामाची एवढी किंमत सरकारच करते, त्याला गावाने मान द्यावा ही अपेक्षा कशी करावी? पुढे १९८८ चे साक्षरता मिशन आले आणि भार विनामोबदला स्वयंसेवकांवर पडला. २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेला नवभारत साक्षरता कार्यक्रमही स्वयंसेवकांच्याच खांद्यावर उभा केलेला आहे. तरुणांची सेवावृत्ती मोलाची, यात शंका नाही. पण सरकारने ती गृहीत धरावी, हे अनुचित आहे.

क्यूबाने १९६१ मध्ये हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला. सुमारे एक लाख विद्यार्थी, त्यांत निम्म्याहून अधिक मुली, शहरे सोडून डोंगराळ खेड्यांत गेले. कित्येक तर मिसरूडही न फुटलेले. दिवसा यजमान शेतकऱ्याबरोबर शेतात राबायचे आणि रात्री कंदिलाच्या उजेडात त्यालाच अक्षरे शिकवायची, असा त्यांचा क्रम होता. त्या वर्षाअखेर सात लाखांहून अधिक माणसे साक्षर झाली. या यशामागे राज्यसत्तेचे सारे बळ होते, हे विसरून चालणार नाही. तरीही शेतात कोयता कसा धरावा हे दिवसा शेतकऱ्याकडून शिकणारा मुलगा रात्री त्याच शेतकऱ्याला लेखणी धरायला शिकवतो, तेव्हा वयाची अडचण निम्मी उरते. दोघेही एकमेकांचे विद्यार्थी झालेले असतात.

आपल्याकडील वर्गांत नेमके हेच घडत नाही. शिक्षक येतो तो शाळेतील मास्तराची छडी मनात घेऊन. बाजारात भाजी विकणारी बाई कागदाला हात न लावता दहा गिऱ्हाइकांचा हिशेब तोंडी करते. तिला ‘दोन अधिक दोन किती’ असे विचारणे हा तिच्या बुद्धीचा अपमान आहे. तिला आधी तोंडी हिशेब करू द्यावा आणि मग तोच आकड्यांत मांडून दाखवावा. मजुराला पहिल्या दिवशी बदक आणि कमळ कशाला? त्याला हजेरीपटावरचे स्वतःचे नाव, भरलेले दिवस आणि हाती पडलेली रक्कम वाचायची असते. अंगठा उमटवून तो किती वेळा फसला आहे, हे त्याचे त्यालाच ठाऊक. आणि ज्याला ‘मठ्ठ’ ठरवले जाते, त्याला पुष्कळदा पाटीवरची अक्षरेच नीट दिसत नसतात. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला चष्मा लागतो, एवढी साधी गोष्ट विशीतल्या शिक्षकाच्या ध्यानात येत नाही.

संबोधनाचेही तसेच. कष्टकऱ्याला अरे-तुरे करण्याची सवय सुशिक्षितांच्या जिभेला जडलेली आहे. आपल्या बापाच्या वयाच्या माणसाला ‘अरे, नीट लिही’ म्हणणाऱ्याचा वर्ग आठवड्यात रिकामा होतो. पण म्हणून खोट्या नम्रतेने प्रत्येक चूक पोटात घालणेही योग्य नव्हे. प्रौढ माणूस दिवसभराची मजुरी करून येतो तो कौतुकासाठी नव्हे. चूक दाखवावी, पण चारचौघांत नव्हे. आणि एखाद्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर ‘उद्या विचारून सांगतो’ म्हणावे आणि खरोखरच सांगावे.

मात्र आदराचा प्रश्न केवळ वयाचा नाही. दलित वस्तीतील पदवीधर तरुण शिकवतो म्हणून वर्गाकडे पाठ फिरवणारे थोरले ‘पोरगं काय शिकवणार’ असे म्हणतात, तेव्हा वयाच्या पडद्याआड जात बोलत असते. त्या तरुणाने अधिक नम्र व्हावे, हा त्यावरचा उपाय नव्हे. तेथे कार्यकर्त्यांनी त्याच्या शेजारी जाऊन बसले पाहिजे.

१८५५ मध्ये जोतीराव फुले यांनी श्रमिकांसाठी रात्रशाळा काढली, तेव्हा त्यांनी तिशीही गाठलेली नव्हती. अलीकडे मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी लुगडी नेसून साठी-सत्तरीच्या स्त्रिया तेथे येऊ लागल्या, आणि त्यांना शिकवणारी होती गावातलीच एक सून. विद्यार्थिनींत तिची सासूही होती. घरी जिच्या आज्ञेत राहायचे, तिचाच हात धरून पाटीवर अक्षर गिरवून घ्यायचे! वर्ग भरायचा तो दुपारी, घरची आणि शेतातली कामे आटोपल्यावर. ज्या कार्यकर्त्यांना आपल्या गावात वा वस्तीत असा वर्ग काढायचा असेल, त्यांनी वेळापत्रक आधी भिंतीवर लावू नये. वर्ग कोठे भरायचा, किती वाजता, आणि पहिल्या दिवशी काय वाचायचे, हे शिकायला येणाऱ्यांनाच विचारावे.