बालेवाडीची पाहुणी

१९९६ च्या फेब्रुवारीत जयपूरच्या जय क्लबवर डेव्हिस कपची लढत रंगली होती. गुलाबी शहरातली ती हिरवळ, समोर हॉलंडचा तगडा संघ आणि आपल्याकडून लिअँडर पेस! भारताने ती लढत जिंकली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पेसने अटलांटा ऑलिंपिकमध्ये ब्राँझ पदक पटकावलं आणि टेनिस घराघरातल्या गप्पांत येऊन बसलं.

त्याच १९९६ सालातली दुसरी एक गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी बोलली गेली नाही. जपानच्या किमिको दातेने एप्रिलमध्ये फेड कपच्या सामन्यात चक्क स्टेफी ग्राफला हरवलं. जुलैत विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत तिने स्टेफीला पुन्हा तीन सेटपर्यंत झुंजवलं. अंधार पडला म्हणून सामना दुसऱ्या दिवशी संपवावा लागला. आणि वर्ष सरायच्या आत, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, या बाईने रॅकेट खुंटीला टांगून ठेवली. पुढे मिखाएल क्रुम या जर्मन मोटार रेसरशी तिचं लग्न झालं. गोष्ट संपली असं कुणीही म्हटलं असतं. आपल्याकडच्या बायकांच्या गोष्टी बहुधा इथेच तर संपतात!

किमिकोची संपली नाही. बारा वर्षांनी, सदतिसाव्या वर्षी, तिने ती रॅकेट खाली काढली. एकोणचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी सोलची स्पर्धा जिंकली. आणि २०१२ च्या नोव्हेंबरात ती पुण्यात आली, बेचाळीस वर्षांची असताना.

महिला टेनिस संघटनेने त्या वर्षी सव्वा लाख डॉलर बक्षिसाच्या छोट्या स्पर्धांची नवी मालिका सुरू केली होती. पहिल्या वर्षी स्पर्धा दोनच, एक तैपेईला आणि दुसरी पुण्याजवळ बालेवाडीच्या क्रीडानगरीत. किमिकोने अंतिम फेरी गाठली. नेटपलीकडे उभी होती अठरा वर्षांची युक्रेनियन मुलगी, एलिना स्वितोलिना. म्हणजे किमिकोने पहिल्यांदा टेनिस सोडलं तेव्हा ही पोर दोन वर्षांची होती! पोरीने मावशीला ६-२, ६-३ असं सरळ सेटमध्ये हरवलं, करंडक उचलला आणि पुढच्या प्रवासाला निघाली. त्या दिवशी दोघींपैकी कुणाची गोष्ट जास्त ऐकण्यासारखी होती, असं कुणी विचारलं असतं तर उत्तर किमिकोचीच असं आलं असतं.

युक्रेनच्या मुली आपल्याला तशा नव्या नव्हत्या. २००५ साली हैदराबादला सानिया मिर्झाने आपलं पहिलं मोठं जेतेपद मिळवलं, ते अंतिम फेरीत युक्रेनच्याच अलोना बोंडारेंकोला हरवून. एलिना त्यांच्या पुढच्या पिढीतली. जन्म १२ सप्टेंबर १९९४ चा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला. वडील कुस्तीगीर, आई नौकानयनपटू. थोरला भाऊ टेनिस खेळायचा, त्याच्या पाठोपाठ हीसुद्धा पाचव्या वर्षी कोर्टावर पोचली. एका उद्योगपतीने तिचा खेळ हेरला, खर्चाची जबाबदारी घेतली आणि कुटुंबाने खार्किवला बस्तान हलवलं. मुलीच्या खेळापायी अख्ख्या घराने गाव बदलायचं, ही गोष्ट टेनिसमध्ये सर्रास घडते. फळ मिळालंच तर कधी, हे मात्र कुणाला ठाऊक नसतं. इथे ते लवकर मिळालं. २०१० साली पॅरिसमध्ये तिने मुलींचं फ्रेंच अजिंक्यपद पटकावलं. हरवलं कुणाला? ट्युनिशियाच्या ओन्स जाबरला, जी पुढे स्वतः जगात दुसऱ्या क्रमांकावर पोचली.

पुण्यानंतरची चढण थोडक्यात सांगता येते. २०१३ मध्ये बाकूला पहिलं मोठं जेतेपद. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिने अव्वल क्रमांकाच्या सेरेना विल्यम्सला सरळ सेटमध्ये हरवलं. २०१७ या एकाच वर्षात तिने पाच स्पर्धा जिंकल्या आणि सप्टेंबरात जागतिक क्रमवारीत तिसरा क्रमांक गाठला. योगायोग असा, की त्याच सप्टेंबरात टोकियोला किमिको दातेने टेनिसचा दुसऱ्यांदा आणि कायमचा निरोप घेतला. पुढच्या वर्षी सिंगापूरला वर्षअखेरची मानाची स्पर्धा एलिनाने एकही सामना न गमावता जिंकली.

एक काटा मात्र सलत राहिला. ग्रँड स्लॅम! २०१७ च्या फ्रेंच स्पर्धेत सिमोना हालेपविरुद्ध ती ६-३, ५-१ अशी पुढे होती, सामना जिंकायला एकच गुण हवा होता, आणि तिथून ती हरली. तिसरा सेट ०-६! २०१९ मध्ये विम्बल्डन आणि अमेरिकन अशा दोन्ही स्पर्धांच्या उपांत्य फेरीत तिची गाडी अडली. २०२१ च्या जुलैत गाएल मोंफिस या फ्रेंच टेनिसपटूशी तिचं लग्न झालं. दोन आठवड्यांनी नववधू टोकियोत ऑलिंपिक ब्राँझसाठी झुंजत होती. पहिला सेट १-६ असा गमावून तिने पुढचे दोन जिंकले. ऑलिंपिक टेनिसमधलं युक्रेनचं ते पहिलंच पदक.

आणि मग २४ फेब्रुवारी २०२२ उजाडला. रशियाने युक्रेनवर हल्ला केला. ओडेसा काय, खार्किव काय, तिच्या बालपणाच्या दोन्ही गावांवर बाँब पडू लागले. ती होती मेक्सिकोत, मोंटेरेच्या स्पर्धेसाठी, आणि पहिल्याच फेरीत समोर आली रशियाची अनास्तासिया पोतापोव्हा. एलिनाने आधी खेळायलाच नकार दिला. रशियन खेळाडूंनी देशाच्या नावाविना, ध्वजाविना खेळावं असं संघटनेने जाहीर केल्यावर ती निळ्या-पिवळ्या कपड्यांत कोर्टावर उतरली. ६-२, ६-१. बक्षिसाचे पैसे तिने युक्रेनच्या सैन्याला देऊन टाकले.

मार्चअखेर तिने खेळ थांबवला. मे महिन्यात कळलं, ती आई होणार आहे. ऑक्टोबरात मुलगी झाली, नाव ठेवलं स्काय. एलिना अठ्ठावीस वर्षांची. क्रमवारीत नाव खूप खाली घसरलेलं, मायदेशात युद्ध, मांडीवर तान्हं मूल. आता ती घरीच रमेल, असं म्हणणारे काही कमी नव्हते.

२०२३ च्या एप्रिलमध्ये ती परतली तेव्हा पहिलाच सामना हरली. मग स्वित्झर्लंडमधल्या एका छोट्या स्पर्धेत खेळली. तिसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या खेळाडूने असल्या स्पर्धेत नाव घालायचं म्हणजे मॅनेजरने पुन्हा कारकून होण्यासारखंच. पण तिने कमीपणा मानला नाही. मे महिन्यात स्ट्रासबर्गची स्पर्धा जिंकली आणि बक्षीस युक्रेनच्या मुलांसाठी दिलं. पॅरिसला उपांत्यपूर्व फेरीत बेलारूसच्या साबालेंकाकडून हरल्यावर हस्तांदोलन केलं नाही म्हणून प्रेक्षकांनी तिची हुर्यो उडवली. ज्यांच्या घरावर क्षेपणास्त्रं पडत नाहीत त्यांना खेळातली सभ्यता फार आठवते. असो.

जुलैत विम्बल्डन. क्रमवारीत ७६ वी, वाइल्ड कार्डावर आत आलेली. पहिल्याच फेरीत समोर कोण यावं? त्रेचाळीस वर्षांची व्हीनस विल्यम्स! बालेवाडीतली जोडीच जणू पुन्हा मांडली गेली. फरक इतकाच, की या खेपेला इकडची बाजूही पहिल्यासारखी कोरी नव्हती. व्हीनसला हरवून ती पुढे गेली. चौथ्या फेरीत बेलारूसच्या अझारेंकाविरुद्ध पहिला सेट गेला, शेवटचा टायब्रेकमध्ये ११-९ असा कसाबसा हाती आला. मग अव्वल क्रमांकाची इगा श्वियाँतेक. तीन सेट आणि जगातली पहिली बाहेर! त्या विजयानंतर एलिनाने फोनच्या पडद्यावर लेकीला गाठलं, तर लेक आइस्क्रीममध्ये गुंग. आईकडे बघायला तिला सवड नव्हती. उपांत्य फेरीत व्हॉन्ड्रूसोव्हाने तिला रोखलं. त्याच व्हॉन्ड्रूसोव्हाने पुढे करंडक नेला.

पुढच्या वर्षी, ८ जुलै २०२४ रोजी, सकाळी बातमी आली की कीवमधल्या मुलांच्या मोठ्या रुग्णालयावर क्षेपणास्त्र पडलं. त्याच दिवशी तिचा विम्बल्डनला सामना होता. पांढऱ्या पोशाखावर काळी फीत लावून ती खेळली, ६-२, ६-१ अशी जिंकली आणि नंतर बोलताना तिला रडू आवरेना.

२०२५ च्या एप्रिलमध्ये फ्रान्समधल्या रुआँची स्पर्धा तिने जिंकली तेव्हा स्काय अडीच वर्षांची होती आणि एलिना तीस. बालेवाडीत नेटपलीकडे उभ्या असलेल्या किमिकोपेक्षा अजून बारा वर्षांनी लहान.