आधी निघतो, माफ करा!

संध्याकाळचे सव्वाचार. शाळेच्या स्टाफरूममध्ये पंधरा-वीस शिक्षक माना खाली घालून कामात. माझा मित्र हळूच उठतो, खुर्ची आवाज न करता आत सरकवतो, कमरेत वाकतो आणि म्हणतो, ‘ओसाकी नि शित्सुरेइ शिमास.’

अर्थ साधारण असा : तुमच्या आधी निघण्याचा उद्धटपणा करतोय, माफी असावी.

बॉस, त्याची ड्युटीच सव्वाचारला संपते! करारात तसं लिहिलंय. तरी रोज माफी. आपल्याकडे सव्वासहाला बॅग उचलताना बॉसच्या केबिनकडे तिरक्या नजरेने बघतो ना आपण? तेच. फक्त त्यांनी त्याचं वाक्य करून टाकलंय, आणि ते सगळे म्हणतात. मागे बसलेले उत्तर देतात, ‘ओत्सुकारेसामा देस.’ म्हणजे, दमलात हो!

हा सगळा नाट्यप्रयोग त्याने मला त्याच्या स्वयंपाकघरात करून दाखवला, हातात मोजे, डोक्यावर टोपी घालून. कारण घरात आमचा श्वास दिसत होता.

हा मित्र ओहायोचा. २०१८ मध्ये कॉलेजच्या एका सेमिस्टरसाठी पुण्यात आला होता, आमच्या सोसायटीत पेइंग गेस्ट. पहिल्याच आठवड्यात घरमालकीण काकूंनी वडिलांचा पगार, बहिणीचं लग्न आणि ‘एवढा बारीक का रे?’ हे सगळं विचारून झालं होतं. वैतागायचा बिचारा. २०२२ च्या ऑगस्टपासून तो जपानमध्ये, निइगाता प्रांतात, नागाओका शहराजवळच्या एका गावात इंग्रजी शिकवायला लागला. मी त्याच्याकडे गेले ती २०२४ च्या फेब्रुवारीत. तोक्योहून बुलेट ट्रेनने दोन तासांच्या आत. तोक्योत लख्ख ऊन होतं. मग २२ किलोमीटरचा दाइशिमिझु बोगदा आला, आणि तो संपला तेव्हा बाहेर फक्त पांढरं. इथे रस्त्याच्या मधोमध पाइप टाकलेत, त्यातून जमिनीतलं कोमट पाणी कारंज्यासारखं उडतं आणि बर्फ वितळवतं. ही आयडिया १९६० च्या दशकात नागाओकातच सुरू झाली. पाण्यातल्या लोखंडामुळे रस्ते गंजल्यासारखे तांबडे दिसतात. सॉलिड प्रकार आहे, फक्त बूट वॉटरप्रूफ हवेत. माझे नव्हते.

त्याची नोकरी ‘जेट’ या सरकारी योजनेतली. ही १९८७ साली सुरू झाली, पहिल्या वर्षी चार देशांतून ८४८ जण आले. सगळ्यात जास्त भरणा अमेरिकन पोरापोरींचा. कुठल्याही विषयातली पदवी चालते, जपानी आलंच पाहिजे अशी अट नाही. करार एकेका वर्षाचा, जास्तीत जास्त पाच वर्षं. पद : सहायक शिक्षक. ‘सहायक म्हणजे टेपरेकॉर्डर,’ तो म्हणाला. मुख्य शिक्षिका पुस्तकातलं वाक्य दाखवणार, हा ते खणखणीत म्हणणार, तीस मुलं त्याच्यामागून म्हणणार. शाळेला सुट्टी लागली की मुलं घरी, पण हा हजर. रिकाम्या स्टाफरूममध्ये टेबल गरम करत बसायचं. दुपारचं जेवण वर्गात मुलांबरोबर. मुलंच वाढतात, सगळ्यांना एकच जेवण. मग डोक्याला फडकी बांधून मुलंच शाळा झाडतात-पुसतात, त्यांच्याबरोबर हाही गुडघ्यावर बसून फडकं मारतो. दिवसातला सगळ्यात आवडता वेळ तोच, असं म्हणाला. तेव्हा कुणी त्याच्या इंग्रजीचं कौतुक करत नाही.

शिक्षक मात्र भयंकर राबतात. २०१८ च्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत जपानच्या माध्यमिक शिक्षकांचा आठवडा ५६ तासांचा निघाला होता, सहभागी देशांमध्ये सगळ्यात मोठा. याचा ३५ तासांचा. म्हणून ती रोजची माफी नुसती रीत नाही, तो खरंच ओशाळतो.

तर त्रास कसला? कुणी वाईट वागतं का? छे! हाच तर प्रॉब्लेम. सगळे जाम चांगलं वागतात. नुसतं ‘अरिगातो’ म्हटलं तरी ‘किती छान जपानी बोलता!’ दीड वर्षानंतरही चॉपस्टिक धरता येतात याचं कौतुक. शिक्का करून घेतलाय, कारण जपानमध्ये कित्येक कागदांवर सहीऐवजी शिक्का चालतो. त्यावर त्याचं आडनाव जपानी वळणाचं झालंय, ‘स्मिथ’चं ‘सुमिसु’ होतं तसं. पण गच्च भरलेल्या लोकलमध्येही त्याच्या शेजारची सीट सगळ्यात शेवटी भरते. तोक्योतल्या त्याच्या अमेरिकन मैत्रिणीला घर शोधताना दोन एजंटांनी गोड हसून ‘मालकांना परदेशी नको’ असं सांगितलं. २०१७ मध्ये जपानच्या न्याय मंत्रालयाने एका पाहणीचे निकाल जाहीर केले, त्यात घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी सुमारे ४० टक्के जणांना परदेशी म्हणून नकार मिळाला होता. (मुंबईत सिंगल मुलगी म्हणून फ्लॅट शोधलेल्यांनी हसू नये.) तिला शेवटी घर मिळालं ते ‘रेइकिन’ देऊन. म्हणजे मालकाला द्यायची भेट. डिपॉझिट नव्हे, भेट! परत मिळत नाही.

‘तुमच्या काकूंनी मला आठवड्यात घरचा करून टाकला,’ तो म्हणाला. ‘इथे मी अजून पाहुणाच आहे. पाहुण्याला कुणी ओरडत नाही.’

अपवाद एक. गोमी-आजी. गोमी म्हणजे कचरा. जळणारा, न जळणारा, प्लास्टिक, बाटल्या, प्रत्येकाचा वार ठरलेला. पारदर्शक पिशवी, त्यावर नाव, सकाळी आठच्या आत, नेमलेल्या जागी. दुसऱ्याच आठवड्यात याने जळणाऱ्या कचऱ्यात शाम्पूची बाटली टाकली. संध्याकाळी पिशवी दारात परत, सोबत पंच्याहत्तरीच्या शेजारच्या आजी. बाटली नाकासमोर धरून त्यांनी पाच मिनिटं झापलं. त्याला त्यातलं एक वाक्य कळलं नाही.

मी गेले तेव्हा त्याच्या फ्रिजवर एक कागद चुंबकाने लावलेला होता. पुढच्या वर्षी राहणार की नाही? हो किंवा नाही, आणि खाली शिक्का. द्यायची मुदत मी निघणार त्याच दिवशी.

आणि इथे येतो पैशाचा फंडा. त्याने अर्ज केला २०२१ च्या शेवटी, तेव्हा डॉलर ११५ येनच्या आसपास होता. २०२४ च्या फेब्रुवारीत दीडशे. दुसऱ्या वर्षाचा त्याचा पगार ३६ लाख येन. (रुपयांत हिशेब करू नका, खर्चही येनमध्येच आहे.) २०१२ मध्ये डॉलर ८० येनला होता, तेव्हा ३६ लाखांचे ४५ हजार डॉलर झाले असते. याचे झाले २४ हजार. गावात राहायला, खायला-प्यायला पुरतात, प्रश्नच नाही. पण याच्या डोक्यावर कॉलेजचं कर्ज, आणि ते डॉलरमध्ये. कोव्हिडमुळे मार्च २०२० पासून अमेरिकेत सरकारी शैक्षणिक कर्जाचे हप्ते थांबवले होते. ते ऑक्टोबर २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाले. महिन्याला ३०० डॉलर. अर्ज करताना त्याने हिशेब मांडला होता साडेचौतीस हजार येनचा, आता कापले जायचे पंचेचाळीस हजार. आपला ऑनसाइटवाला दोस्त परदेशात कमावून घरी पाठवतो तेव्हा रुपया घसरला की खूश होतो. याचं बरोब्बर उलटं.

त्यात आई. तिथे रात्रीचे आठ म्हणजे इथे दुसऱ्या दिवशी सकाळचे दहा, त्यामुळे फोन फक्त शनिवार-रविवारी. आईचा प्रश्न दर वेळी तोच : ‘खरी नोकरी कधी?’ दोन्ही बाजूंनी हिशेब करून त्याने कागदावर पेन्सिलीने ‘नाही’वर बारीक खूण केली होती. मी पाहिली.

मग त्याने १ जानेवारीचं सांगितलं. २०२४ चा पहिला दिवस, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. नोतोचा भूकंप, ७.६ चा. नागाओकातही जोरदार बसला. रॉकेलचा स्टोव्ह आपोआप बंद झाला (त्यात तशी सोयच असते), कपाटातली भांडी खाली. नवीन वर्षाची सुट्टी, शाळेतलं कुणी जवळ नाही. फोनवरच्या सूचना भराभर जपानीत. तो जाकीट घालून बाहेर बर्फात उभा राहिला, आणि गल्लीच्या टोकाकडून गोमी-आजी आल्या. हातात टॉर्च आणि क्लिपबोर्ड. गल्लीतल्या घरांची यादी. प्रत्येक दार वाजवायचं, माणसं मोजायची, टिक करायची. त्याच्यासमोर थांबल्या, वर-खाली पाहिलं, कुठे लागलंय का विचारलं, टिक केली आणि पुढे गेल्या. यादीत त्याचं नाव होतं. त्याने ते कधी कुणाला लिहायला सांगितलं नव्हतं.

जपानमधल्या अशा मास्तरांना टेलर अँडरसन हे नाव माहीत असतं. व्हर्जिनियाची, याच योजनेतून २००८ मध्ये आलेली, इशिनोमाकीच्या शाळांमध्ये शिकवायची. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर ती मुलांबरोबर शाळेत थांबली. मग सायकलवर निघाली आणि त्सुनामीत गेली. २४ वर्षांची होती. तिच्या आईवडिलांनी तिथल्या शाळांना पुस्तकं दिली, ‘टेलर बुन्को’ म्हणजे टेलरचं वाचनालय. त्याची लाकडी कपाटं करणाऱ्या सुताराने त्याच त्सुनामीत स्वतःची तीन मुलं गमावली होती. मित्राने हे भांडी विसळत, माझ्याकडे पाठ करून सांगितलं. मीही काही बोलले नाही.

निघायच्या दिवशी सकाळी जळणाऱ्या कचऱ्याचा वार. माझी बॅग एका हातात, कचऱ्याची पिशवी दुसऱ्या हातात, असे आम्ही खाली उतरलो. आजी जाळीजवळ उभ्या. पिशवी उचलून उजेडात धरली, खालीवर पाहिली. पास! मग माझ्याकडे मान हलवून त्याला काहीतरी विचारलं. तो गप्प. आजींनी पुन्हा विचारलं, जरा वरच्या आवाजात. तो म्हणाला, ‘हाइ.’ आजींनी खिशातून छोटी वही काढून लिहून घेतलं.

‘काय विचारत होत्या?’ मी.

‘पुढच्या वर्षीच्या पाळ्या लावतायत. सकाळी जाळी टाकायची, संध्याकाळी जागा झाडायची. सप्टेंबर मला चालेल का म्हणाल्या.’

‘तुझा करार जुलैत संपतो ना?’

‘हो.’

स्टेशनवर पोचेपर्यंत तो हप्त्याचा हिशेब पुन्हा मोठ्याने करत होता. शनिवारी संध्याकाळी कुणाला इंग्रजी शिकवायला परवानगी मिळेल का, आईला या रविवारी सांगावं की पुढच्या. दुपारी तोक्योहून मी मेसेज केला : कागदाचं काय झालं? उत्तर सव्वाचारनंतर आलं. खोडरबर नव्हता, शेजारच्या टेबलावरच्या सरांकडून मागून घेतला. शिक्का मारला, कागद उपमुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला, आणि माफी मागून निघालो.