फादरना बोलवायला उशीर का?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. वसईकडचे एक वृद्ध बागायतदार हृदयविकाराने माझ्या दवाखान्यात दाखल होते. धाप लागत होती, पण शुद्ध पूर्ण होती. त्यांच्या पत्नीने मला बाजूला घेऊन विचारले, "डॉक्टर, फादरना बोलवू का?" मी म्हणालो, "मावशी, एवढ्यात नको. बाबा घाबरतील." दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा बेशुद्ध झाले. फादर आले, तेल लावून प्रार्थना झाली. दुपारी बाबा गेले. मावशी काही बोलल्या नाहीत. मुलगा मात्र म्हणाला, "बाबांना फादरशी बोलायचं होतं."

चूक माझी होती. हिंदू घरात वाढलेल्या मला हा विधी म्हणजे मरणाची सूचनाच वाटे. पुष्कळ कॅथलिक कुटुंबांतही हाच समज आहे. त्याला कारणही आहे. पूर्वी या विधीला 'अंतिम' तैलाभ्यंग म्हणत आणि तो बहुधा शेवटच्या घटकेला होई. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली स्पष्ट केले, की त्याला रुग्णांचा तैलाभ्यंग म्हणणे अधिक योग्य. तो केवळ मरणासन्न माणसासाठी नाही. 1972 साली पोप सहावे पॉल यांनी सुधारित विधी मंजूर केला. धर्मगुरू रुग्णाच्या कपाळाला व हातांना पवित्र तेल लावतात आणि प्रार्थना करतात. गंभीर आजारात, मोठ्या शस्त्रक्रियेआधी, वार्धक्याने शरीर थकल्यावर तो घेता येतो. रुग्ण बरा होऊन पुन्हा गंभीर आजारी पडला, तर पुन्हाही घेता येतो.

बेशुद्ध माणसालाही तेल लावता येते. पण त्याला 'आमेन' म्हणता येत नाही, मनातले सांगता येत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की आजार गंभीर आहे हे कळताच रुग्णाला विचारावे आणि त्याची इच्छा असेल तर फादरना लगेच बोलवावे. रुग्ण घाबरेल, ही भीती बहुतेक वेळा आपलीच असते. त्यानंतर कितीतरी रुग्णांना मी तेल लावल्यावर शांत झोपलेले पाहिले आहे. आजार तेवढाच असतो, पण एकटेपणा कमी झालेला असतो.

मात्र काही पथ्ये पाळा. हा विधी औषधाला पर्याय नाही. चर्चही उपचार थांबवा असे सांगत नाही. ऑक्सिजन चालू असेल तर मेणबत्ती मुळीच लावू नका. अतिदक्षता विभागात परिचारिकेला आधी सांगा, हात स्वच्छ धुवा. रुग्णाला गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. कम्युनियन द्यायचे असल्यास आधी डॉक्टरांना विचारा. गंगाजल घालणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

वाचकहो, धर्म कोणताही असो, आपल्या माणसाला धीर द्यायचा तो त्याला ऐकू येत असताना द्यावा. आणि आम्हा डॉक्टरांना कुणी "बोलवू का?" असे विचारले, तर आम्ही "आजच बोलवा" म्हणावे. मी आता तेच म्हणतो.