विश्लेषण : विमा कंपनी जुनी, तंत्रज्ञान नवउद्यमींचे, दावा अडला तर जबाबदारी कोणाची?

रेल्वेचे ई-तिकीट काढताना शेवटच्या टप्प्यावर एक लहानसा चौकोन दिसतो. त्यावर खूण केली की एक रुपयाहूनही कमी रकमेत प्रवासाचा विमा निघतो. अपघाती मृत्यू झाल्यास वारसांना दहा लाख रुपये मिळण्याची त्यात तरतूद असते. सप्टेंबर २०१६ मध्ये ही सोय सुरू झाली, तेव्हा तिकिटाबरोबर विमा ही गोष्ट बहुतेकांना नवी होती. आता टॅक्सी, विमान तिकीट, मोबाइलची खरेदी, घरपोच सेवा अशा अनेक व्यवहारांत विमा अलगद जोडलेला असतो. ग्राहकाला समोर दिसते ते एखादे अ‍ॅप. जोखीम उचलणारी विमा कंपनी मात्र त्यामागे असते, आणि अनेकदा ती काही दशके जुनी असते. जुन्या विमा कंपन्या आणि तंत्रज्ञानाधारित नवउद्यमी यांच्यातील ही भागीदारी विमा व्यवसायाचे रूप बदलते आहे. त्यातून ग्राहकाला नेमके काय मिळते, हा प्रश्न त्यामुळेच महत्त्वाचा ठरतो.

भागीदारी कशा स्वरूपाची असते?

तिचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला विक्रीचा. पॉलिसीबझारसारख्या संकेतस्थळांवर अनेक कंपन्यांच्या पॉलिसींची तुलना करून खरेदी करता येते. मुंबईतील टर्टलमिंटसारख्या कंपन्या विमा विकणाऱ्या सल्लागारांच्या हाती अ‍ॅप देतात. दुसरा प्रकार जोखीम मोजण्याचा. वाहन कसे चालवले जाते, शेतात पीक किती उभे आहे, अर्जदाराची प्रकृती कशी आहे, याची माहिती नवउद्यमी गोळा करतात आणि विमा कंपनी तिच्या आधारे हप्ता ठरवते. तिसरा प्रकार दाव्यांचा. अपघातग्रस्त मोटारीच्या छायाचित्रांवरून दुरुस्तीचा अंदाज काढणे, रुग्णालयाचे बिल वाचणे, संशयास्पद दावे वेगळे काढणे अशी कामे यात येतात. या तिन्ही प्रकारांत पॉलिसीवर नाव विमा कंपनीचेच असते.

जुन्या कंपन्यांना नवउद्यमींची गरज का भासते?

न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची स्थापना १९१९ मधली, तर आयुर्विमा महामंडळाची १९५६ मधली. खासगी कंपन्या २००० नंतर आल्या, पण त्यांच्याही संगणक प्रणाली आता जुन्या झाल्या आहेत. पॉलिसीच्या नोंदी एका प्रणालीत, दावे दुसऱ्या आणि हिशेब तिसऱ्या, अशी स्थिती असेल तर नवे उत्पादन बाजारात आणायला महिनोन्महिने लागतात. तयार तंत्रज्ञान बाहेरून घेणे त्यापेक्षा स्वस्त पडते आणि फसले तर सोडून देता येते.

दुसरे कारण बाजारपेठेचे आहे. देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या तुलनेत विमा हप्त्यांचे प्रमाण २०२१-२२ मध्ये ४.२ टक्के होते. ते २०२२-२३ मध्ये चार टक्क्यांवर आणि २०२३-२४ मध्ये ३.७ टक्क्यांवर आले. जागतिक सरासरी सात टक्क्यांच्या घरात आहे. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने, म्हणजे ‘इर्डा’ने, २०४७ पर्यंत सर्वांना विमा हे उद्दिष्ट ठेवले आहे. पाचपन्नास रुपयांच्या हप्त्याची पॉलिसी एजंटमार्फत घरोघरी विकणे कोणालाच परवडत नाही. मोबाइलवर तीच विक्री जवळपास विनाखर्च होते.

मग नवउद्यमी स्वत:च विमा कंपनी का काढत नाहीत?

काहींनी काढल्या. अ‍ॅको आणि डिजिट यांनी २०१७ मध्ये सर्वसाधारण विम्याचा परवाना मिळवला, डिजिट तर मे २०२४ मध्ये शेअर बाजारातही सूचिबद्ध झाली. पण हा मार्ग खर्चीक आहे. विमा कंपनीसाठी किमान १०० कोटी रुपयांचे भांडवल कायद्यानेच बंधनकारक आहे. शिवाय देणी भागवण्याची क्षमता सिद्ध करणारे दीडपटीचे प्रमाण सतत राखावे लागते, म्हणजे व्यवसाय वाढला की भांडवलही वाढवावे लागते. सॉफ्टवेअरमध्ये चूक झाली तर ती पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करता येते. विम्यात हप्ता चुकीचा लावला तर ते कळायला काही वर्षे जातात आणि तोवर दाव्यांचा डोंगर उभा राहतो. म्हणून बहुतेक नवउद्यमी जोखीम विमा कंपनीकडे ठेवून स्वत: सेवाशुल्क किंवा दलाली घेणे पसंत करतात.

नियामकाने यासाठी काय केले?

पूर्वी नवे विमा उत्पादन बाजारात आणण्याआधी त्याला नियामकाची मंजुरी लागत असे. कधीच न वापरलेल्या कल्पनेसाठी आधीची आकडेवारी कुठून आणायची, हा पेच होता. ‘इर्डा’ने २०१९ मध्ये ‘रेग्युलेटरी सॅण्डबॉक्स’चे नियम आणून तो सोडवला. मर्यादित ग्राहकांवर, मर्यादित काळासाठी, नियामकाच्या देखरेखीखाली प्रयोग करायचा आणि तो टिकला तर बाजारात आणायचा, अशी ही सोय. मोटार वापरात नसताना अपघात विमा अ‍ॅपवरून बंद आणि वापरताना सुरू करण्याचा एडलवाइज जनरलचा (आताची झुनो) प्रयोग याच मार्गाने आला.

त्यानंतर जुलै २०२२ मध्ये वापरानुसार हप्ता आकारण्याची मुभा मिळाली. मोटार किती किलोमीटर चालते आणि कशी चालवली जाते, यावर स्वत:च्या वाहनाच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता ठरू शकतो. त्रयस्थ पक्षाच्या विम्याचे दर मात्र सरकारच ठरवते. आठवड्यातून एकदा गाडी बाहेर काढणाऱ्याने रोज शंभर किलोमीटर चालवणाऱ्याइतकाच हप्ता का भरावा, या प्रश्नाला मिळालेले हे उत्तर रास्तच आहे. पण त्याची दुसरी बाजूही आहे. रात्रीचा प्रवास जोखमीचा धरला तर रात्रपाळी करणारा परिचारक किंवा छापखान्यातील कामगार केवळ नोकरीच्या वेळेमुळे महाग ठरू शकतो.

शेतकऱ्याचा याच्याशी काय संबंध?

फार जवळचा. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ पासून सुरू आहे. तिच्यात नुकसान ठरवण्याचा पारंपरिक मार्ग म्हणजे पीक कापणी प्रयोग. ठरावीक शेतांतील ठरावीक आकाराच्या तुकड्यातले पीक कापून, मळून, तोलायचे आणि त्यावरून महसूल मंडळाचे उत्पादन काढायचे. या कामाला वेळ लागतो, माणसे लागतात आणि आकड्यांवरून वादही होतात. त्यामुळे उपग्रह छायाचित्रे आणि हवामानाच्या नोंदी वापरणाऱ्या कंपन्यांना येथे वाव मिळाला. केंद्राने २०२३ च्या खरिपापासून भात आणि गव्हाच्या उत्पादन अंदाजात तंत्रज्ञानाला किमान ३० टक्के भार दिला.

महाराष्ट्रात ‘महावेध’ प्रकल्पाखाली स्कायमेट या खासगी हवामान कंपनीच्या भागीदारीत महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. आंबा, काजू, डाळिंब, संत्रा, केळी यांसारख्या फळपिकांच्या हवामान आधारित विम्यात भरपाई अशा केंद्रांच्या नोंदींवर ठरते. पाऊस, तापमान किंवा आर्द्रता ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की बागेची पाहणी न करता भरपाई लागू होते. हा वेग हीच या विम्याची ताकद आहे.

त्याची मर्यादाही तिथेच आहे. एका मंडळात अनेक गावे येतात. ओढ्याच्या अलीकडे पाऊस कोसळतो आणि पलीकडे ऊन असते, हे कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. केंद्रावर नोंद नसेल तर बाग झोडपली गेलेल्या शेतकऱ्याच्या हाती काही येत नाही, आणि नुकसान न झालेल्याला कधी भरपाई मिळूनही जाते. विमाशास्त्राच्या दृष्टीने ही मोजमापातील तफावत असते, शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र हप्ता भरूनही झालेली फसवणूक. हवामान केंद्राची जागा योग्य आहे का, यंत्र बंद होते का, हे प्रश्न म्हणूनच तांत्रिक राहत नाहीत.

दाव्यांच्या बाबतीत तंत्रज्ञानाने काय साधले?

ग्राहकाच्या दृष्टीने विमा म्हणजे दावा. तो मिळाला तर विमा होता, नाही तर नुसता कागद. आरोग्य विम्यात २०२३-२४ मध्ये सुमारे १.१७ लाख कोटी रुपयांचे दावे दाखल झाले. त्यांपैकी सुमारे ७१ टक्के रक्कम कंपन्यांनी दिली. सुमारे १३ टक्के रक्कम पॉलिसीच्या अटींवर बोट ठेवून अमान्य झाली, नऊ टक्क्यांहून अधिक रकमेचे दावे फेटाळले गेले, काही प्रलंबित राहिले. अमान्य झालेला प्रत्येक रुपया अन्यायाने गेला असे नाही. रुग्णालयांची फुगवलेली बिले आणि बनावट दावे हेही वास्तव आहे. पण पॉलिसी दोन मिनिटांत आणि दावा मात्र दोन महिन्यांत, असा अनुभव येत असेल तर तंत्रज्ञानाचा रोख कुठे आहे ते दिसते. विक्रीतील गतीने उत्पन्न वाढते, दाव्यातील गतीने खर्च वाढतो. कंपन्यांचा कल पहिल्या बाजूला असणे त्यामुळे स्वाभाविक आहे.

ही दिशा बदलायला नियामकाची सक्ती लागते. मे २०२४ च्या परिपत्रकानुसार रोकडविरहित उपचारांच्या विनंतीवर तासाभरात आणि रुग्णालयातून घरी सोडतानाच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यावा लागतो. एवढ्या वेळात बिल तपासायचे तर यंत्राची मदत अपरिहार्य ठरते. म्हणजे या क्षेत्रातील नवउद्यमींना कामही मिळते आणि रुग्णाच्या नातेवाइकांचा बिलाच्या खिडकीपाशी जाणारा दिवसही वाचतो.

यंत्राने दावा अडवला तर जबाबदार कोण?

नियमांनुसार विमा कंपनीच. जोखीम स्वीकारणे, दाव्यावर निर्णय घेणे अशी मूळ कामे विमा कंपनीने बाहेर सोपवायची नाहीत, हे तत्त्व ‘इर्डा’च्या २०१७ च्या नियमांतच होते. आरोग्य विम्यातील दावा कंपनीच्या समितीच्या मंजुरीशिवाय फेटाळता येत नाही आणि फेटाळताना पॉलिसीतील नेमकी अट सांगावी लागते, असेही २०२४ च्या परिपत्रकात आहे. ग्राहकाला ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारीसाठी विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत.

प्रत्यक्षात मात्र निर्णय आणि शिफारस यांतील सीमा पुसट असते. संगणक प्रणालीने एखाद्या दाव्यावर ‘संशयास्पद’ असा शिक्का मारला, की दिवसाला शेकडो दावे हातावेगळे करणारा कर्मचारी तो सहसा पुसत नाही. कागदोपत्री निर्णय माणसाचा असतो, पण त्यामागचे कारण भागीदार कंपनीच्या प्रणालीत असते आणि ती कंपनी ते व्यावसायिक गुपित मानते. कारणच माहीत नसेल तर ग्राहक लोकपालापुढे युक्तिवाद तरी कसला करणार?

माहितीच्या सुरक्षेचे काय?

विमा कंपनीकडे माणसाची प्रकृती, उत्पन्न, वारस, पत्ता असे सगळेच असते. सप्टेंबर २०२४ मध्ये स्टार हेल्थ या कंपनीच्या ग्राहकांची माहिती, वैद्यकीय कागदपत्रांसह, टेलिग्रामवरील चॅटबॉटद्वारे मिळत असल्याचे उघड झाले. सुमारे ३.१ कोटी ग्राहकांची विदा आपल्याकडे असल्याचा दावा हॅकरने केला आणि सायबर हल्ला झाल्याचे कंपनीनेही नंतर मान्य केले. एका कंपनीच्या दारातून एवढे बाहेर जाऊ शकत असेल, तर भागीदार वाढतील तशी दारेही वाढतात, हे ओळखायला हवे. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा २०२३ नुसार विदेची प्रक्रिया दुसऱ्याकडे सोपवली तरी उत्तरदायित्व मूळ कंपनीवरच राहते. सुरक्षेतील कसुरीसाठी दंडाची मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे.

पुढे काय व्हायला हवे?

‘विमा सुगम’ या ना-नफा तत्त्वावरील सामायिक बाजारमंचाचे नियम २०२४ मध्ये झाले. खरेदी, नूतनीकरण आणि दावे एकाच ठिकाणी, ही त्यामागची कल्पना. तो पूर्णत: कार्यरत झाला तर केवळ तुलना आणि विक्रीवर जगणाऱ्या नवउद्यमींना दुसरे काम शोधावे लागेल. जोखीम मोजणे आणि दावे निकाली काढणे याच क्षेत्रांत मग खरी स्पर्धा होईल, आणि ते ग्राहकाच्या हिताचेच ठरेल.

त्यासाठी तीन गोष्टी आवश्यक आहेत. हप्ता किंवा दावा ठरवताना कोणती माहिती आणि कोणाची प्रणाली वापरली, हे पॉलिसीत साध्या मराठीत आणि इतर भारतीय भाषांत लिहिलेले असावे. यंत्राच्या शिफारशीवरून दावा अडला तर त्याचे कारण ग्राहकाला लेखी मिळावे आणि फेरतपासणी माणसाने करावी. तसेच, कोणत्या अ‍ॅपवरून किंवा कोणत्या भागीदारामार्फत विकलेल्या पॉलिसींचे किती दावे मंजूर झाले, याचे आकडे वेगळे प्रसिद्ध व्हावेत. विक्रीचे आकडे कंपन्या अभिमानाने सांगतातच. भागीदारीचे यश मोजायचे असेल तर मंडळातल्या हवामान केंद्राने न टिपलेल्या गारपिटीची भरपाई कशी झाली, हे विचारावे लागेल. विमा हे शेवटी वाईट दिवशी पाळायचे वचन आहे. ते देण्याचे काम अ‍ॅपवर सोपवता येते, पाळण्याची जबाबदारी मात्र ज्याने हप्ता घेतला त्याचीच राहायला हवी.