लहान नाणीं बंद कोणीं करावीं ?

एक-दोन रुपयांचीं नाणीं आतां काय कामाचीं, असा प्रश्न कित्येक शेतकरी बंधूंच्या तोंडून अलीकडे ऐकूं येतो. प्रश्न सोपा दिसतो. पण त्याचें उत्तर नाणें कोणाच्या हातांत आहे यावर अवलंबून आहे. ज्या कास्तकाराच्या धानाचा चुकारा बँकेच्या खात्यांत जमा होतो, त्यास रुपयाचें नाणें खिशाचें ओझें वाटतें. त्याच्याच बांधावरचीं वांगीं व वालाच्या शेंगा घेऊन आठवडी बाजारांत बसणाऱ्या त्याच्या घरच्या बाईस तेंच नाणें दिवसभर लागतें. एका घरांतहि दोन उत्तरें निघतात तीं अशीं.

प्रतापगडची महाशिवरात्रीची यात्रा या दृष्टीनें पाहावी. अर्जुनी मोरगांव तालुक्यांतील या ठिकाणीं महादेव आहे व दर्गाहि आहे. त्यामुळें हिंदु व मुसलमान या दोन्ही समाजांचे भाविक येथें येतात. नारळ, बेल, फुटाणे, रेवड्या, पोरांचीं खेळणीं, असा बहुतेक व्यवहार दहा-वीस रुपयांच्या आंतबाहेरचा. अशा गर्दींत ज्याच्यापाशीं सुट्टे आहेत त्याचें गिऱ्हाईक टिकतें. ज्याच्यापाशीं नाहींत त्यानें एक तर दोन रुपये सोडावे किंवा गिऱ्हाईक सोडावें. मोठ्या दुकानांत नेमकें उलट घडतें. तेथें दुकानदार दोन रुपयांच्या जागीं गोळ्या हातावर ठेवतो आणि गिऱ्हाईक मुकाट्यानें घेऊन चालूं लागतें. म्हणजे सुट्ट्यांची टंचाई विकणाऱ्याची असो कीं घेणाऱ्याची, तिचा भार दोघांत जो दुबळा त्याच्याच अंगावर पडतो. त्याच गोळ्या दुसऱ्या दिवशीं त्याच दुकानांत पैशाच्या ठिकाणीं कोणी घेईल काय, हें एकदां विचारून पाहण्यासारखें आहे !

मोबाईलवरून पैसे देण्याची जी नवी पद्धति २०१६ सालीं सुरू झाली, ती आतां भाजीच्या टोपलीपर्यंत पोंचली आहे. तिचें आम्ही स्वागतच करतों. तींत रुपयाच्या खालचे पैसेहि चुकते करतां येतात. परंतु संपर्क तुटला कीं तो व्यवहार अडतो, आणि डोंगर-जंगलाच्या गांवीं तो केव्हां तुटेल याचा नेम नसतो. म्हातारीच्या कनवटीला मोबाईल नसतो, नाणें असतें.

जुनें नाणें जाऊंच नये, असें आमचें म्हणणें नाहीं. पै १९४२ नंतर पाडली गेली नाहीं. १ एप्रिल १९५७ रोजीं आणे जाऊन रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे व त्याखालचीं सर्व नाणीं चलनांतून काढलीं गेलीं. चार आण्यांकरितां कोणीं फारसा शोक केला नाहीं, आणि तो करण्याचें कारणहि नव्हतें. कारण सरकारनें दिवस ठरविला, तो आधीं जाहीर केला, आणि आदल्या दिवसापर्यंत बँकेंत नाणीं बदलून घेण्यास सवड दिली.

आज जें चाललें आहे तें निराळें आहे. आठ आण्यांचें नाणें कायद्यानें अजून चलनांत आहे. २०११ च्या नाण्यांच्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांपर्यंतची रक्कम त्या नाण्यांत देतां येते. बाजारांत मात्र तें कोणी हातांत धरीत नाहीं. दहा रुपयांच्या नाण्याचीहि आमच्या भागांत पुष्कळ ठिकाणीं तीच गत दिसते. ज्यावर रुपयाचें चिन्ह नाहीं तें खोटें, इतक्या रेघा असतील तरच खरें, अशा आवया उठल्या. १७ जानेवारी २०१८ रोजीं रिझर्व्ह बँकेनें चौदाहि नमुन्यांचीं दहाचीं नाणीं खरीं असल्याचें प्रसिद्ध केलें, तरी दुकानदार मान हलवितो तो हलवितोच. म्हणजे हें नाणें सरकारनें बंद केलें नाहीं, टांकसाळीनें केलें नाहीं, तें पानटपरीवरच्या गप्पांनीं बंद केलें. अशा बंदीला तारीख नसते व नाणें बदलून देणारी खिडकी नसते. ज्याच्या हातांत तें शेवटीं राहिलें तो बुडाला. आणि शेवटीं तें राहतें मजुरापाशीं, भाजीवालीपाशीं, नाहीं तर देवाच्या पेटींत.

लहान चलनाचा मान गेला म्हणजे शेतकऱ्याचें काय होतें, याचा एक जुना दाखला पूर्वेकडील ओडिशांत सांपडतो. तेथें खेड्यांतील देवघेव कवड्यांत चाले. १८०३ सालीं कंपनीचा अंमल बसला व पुढें सारा चांदीच्या रुपयांत मागण्यांत येऊं लागला. कवडीचा भाव घसरला, आणि तेवढ्याच रुपयांकरितां रयतेस पूर्वींहून किती तरी अधिक कवड्या, म्हणजे पर्यायानें अधिक धान, मोजावें लागलें. १८१७ सालीं पाइकांचा जो उठाव झाला, त्याच्या कारणांत जमिनी गेल्या, मीठ महागलें, यांबरोबर ही कवडीहि इतिहासकार गणतात. आपण एखादी वस्तु ‘कवडीमोल’ झाली असें सहज म्हणतों. त्या रयतेच्या बाबतींत कवडीच कवडीमोल झाली होती.

याच्या उलट दाखला दुसऱ्या महायुद्धाचा. १९४२-४३ सालीं सुट्ट्यांची इतकी टंचाई झाली कीं कांहीं संस्थानांनीं नाण्यांच्या जागीं कागदी कुपनें काढलीं. सरकारनें धातु वांचविण्याकरितां १९४३ पासून मधोमध भोक असलेला पैसा पाडला. वाचकांपैकीं वडील मंडळींनीं तो पाहिला असेल. युद्धाच्या घाईंतहि लहान नाणें नको असें म्हणणें त्या सरकारास परवडलें नाहीं.

नाणें पाडण्याचा खर्च त्याच्या किंमतीहून अधिक येतो, असा एक आक्षेप नेहमीं निघतो. २०१८ सालीं माहितीच्या अधिकारांत मिळालेल्या उत्तराप्रमाणें रुपयाच्या नाण्यास १ रुपया ११ पैसे खर्च येत होता. आंकडा खरा असला तरी त्यावरून निघणारा निष्कर्ष अर्धवट आहे. नाणें एकदांच खर्चून संपणारी वस्तु नव्हे; तें वर्षानुवर्षें फिरतें व हजारों सौदे पुरे करतें. बैलजोडीची किंमत एका दिवसाच्या नांगरटीशीं कोणी ताडून पाहत नाहीं.

परदेशांतहि हा प्रश्न सुटत आला आहे. पण सुटण्याची रीत पाहावी. कॅनडानें फेब्रुवारी २०१३ मध्यें सेंटाचें नाणें बँकांना देणें थांबविलें, तेव्हां नियम असा सांगितला कीं फक्त रोख बेरीज जवळच्या पांच सेंटांपर्यंत कमी-अधिक धरावी. कार्डावर व धनादेशावर पूर्वींप्रमाणेंच सेंटापर्यंत हिशेब व्हावा. अमेरिकेनें नोव्हेंबर २०२५ मध्यें चलनाकरितां शेवटचा सेंट पाडला, परंतु बेरीज कशी धरावी याचा देशव्यापी कायदा आधीं केला नाहीं, आणि तेथील दुकानदारांत त्यामुळें गोंधळ उडाला. पहिली रीत आम्हांस पसंत आहे.

कारण नाणें आणि हिशेबांतील पैसा या दोन वस्तु आहेत, आणि शेतकऱ्याचें खरें हित दुसरींत आहे. २०२५-२६ च्या खरीप हंगामाकरितां साधारण धानाचा हमीभाव क्विंटलास २३६९ रुपये ठरला, म्हणजे किलोस २३ रुपये ६९ पैसे. एकोणसत्तर पैशांचें नाणें कोठेंहि मिळणार नाहीं. पण ते पैसे क्षुल्लक म्हणून कोणी भावांतून गाळले, तर चाळीस क्विंटलांस २७६० रुपयांची वजावट होईल. दुधाचा दर लिटरास पैशांत वर-खालीं होतो. सातबाराच्या उताऱ्यावर आकार रुपये-पैशांत लिहिलेला असतो. पिकाची आणेवारी जाऊन पैसेवारी आली, आणि ती पन्नासाच्या आंत उतरली कीं नाहीं यावर गांवाला सवलती मिळण्या-न मिळण्याचा प्रश्न अडून राहतो. बाजारांत ज्या आठ आण्यांना कोणी विचारीत नाहीं, त्यांना तलाठ्याच्या दप्तरांत एवढा मान आहे, ही मौज खरी; पण त्या मानावर आमचीं घरें चालतात.

म्हणून आमचें मत असें. आठ आण्यांचें नाणें सरकारनें तारीख देऊन रीतसर मागें घ्यावें. तें कागदावर जिवंत ठेवण्यांत अर्थ नाहीं. त्याबरोबरच रोख व्यवहाराची शेवटची बेरीज जवळच्या रुपयाला आणावी, मात्र भाव व वजन यांचा हिशेब पैशापर्यंतच व्हावा, असा स्पष्ट नियम करावा. प्रत्येक वस्तूचा दर निरनिराळा वाढवून घेण्यास वाव राहिला तर तो नियम दुकानदाराच्याच सोयीचा होईल. रुपया, दोन, पांच व दहा यांचीं नाणीं मात्र चालूं राहिलींच पाहिजेत, आणि तीं न घेणाऱ्यास कोणी तरी जाब विचारला पाहिजे. बँकांच्या शाखांनीं नाणीं स्वीकारावीं असें रिझर्व्ह बँकेनें वारंवार कळविलें आहे. तरी नाण्यांची थैली घेऊन आलेला मनुष्य “उद्यां या” ऐकून परत फिरतो, असा अनुभव आमच्या ओळखीच्या कित्येकांस आला आहे.

आपल्याकडूनहि कांहीं व्हावयास पाहिजे. घरोघरीं मातीच्या गल्ल्यांत व डब्यांत पडलेलीं नाणीं हीसुद्धां टंचाईच आहे. महाशिवरात्रीच्या आधीं पंधरा दिवस तीं बाहेर काढून बाजारांत बसणाऱ्यांस नोटांच्या बदल्यांत द्यावीं. खत-बियाण्यांच्या सहकारी दुकानांनीं दहाचें नाणें आम्ही घेतों अशी पाटी दारावर लावावी, आणि कोणी तें दिल्यास खरें कीं खोटें याची चर्चा न करतां गल्ल्यांत टाकावें.