पंपिंग किती, एवढेच विचारू नका

जयपूरहून सीकरच्या रस्त्याने तीसेक किलोमीटरवर चौमूं लागते. अशा गावात कुणाला धाप लागली, पाय सुजले की टूडी इको होतो आणि घरचे एकच विचारतात, पंपिंग किती? बारामतीतही हेच, गोंदियातही हेच. पंचावन्न टक्के ऐकले की सगळे निर्धास्त होतात. हा निर्धास्तपणा खोटा आहे. पंपिंग चांगले असूनही हार्ट फेल्युअर होते, आणि पंपिंग सारखेच असलेल्या दोघांपैकी एक वर्षानुवर्षे हिंडतो-फिरतो, दुसरा सहा महिन्यांत तीनदा भरती होतो.

पंपिंगचा आकडा डाव्या कप्प्याचा. तिथे तुंबलेला दाब मागे फुप्फुसांत चढतो आणि शेवटी उजव्या कप्प्याच्या मानेवर बसतो, हे त्या आकड्यात दिसत नाही. उजवा कप्पा रक्त ढकलतो तेव्हा फुप्फुसधमनी फुगते आणि लगेच आकसून ते पुढे सरकवते. हा लवचीकपणा मोजता येतो. एका ठोक्यातल्या रक्ताला धमनीतल्या वरच्या आणि खालच्या दाबातील फरकाने भागायचे. रक्त ७० मिलिलिटर, दाब २५ आणि १० असला तर उत्तर साडेचारच्या वर येते. रक्त ४५, दाब ६० आणि २८ असला तर दीडही भरत नाही. या दुसऱ्या माणसाचा उजवा कप्पा प्रत्येक ठोक्याला ताठ नळीशी झुंजतो आहे.

डॉक्टरांची भिस्त बरीच वर्षे धमन्यांच्या रोधावर होती. पण आजाराच्या सुरुवातीला रोध जेमतेम हलतो, लवचीकपणा मात्र झपाट्याने घसरतो. डाव्या बाजूचा दाब वाढला की रोध तितकाच असूनही लवचीकपणा आणखी उतरतो. क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी २०१२ साली बळावलेल्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णांत हे तपासले, तेव्हा पुढचे भवितव्य रोधापेक्षा या लवचीकपणानेच अधिक नेमके सांगितले. माझ्या मते त्यातली मोलाची गोष्ट वेगळी आहे: उपचारांनी हा आकडा सुधारतो. तो कपाळावरचा लेख नाही.

अचूक मोजायचे तर उजव्या हृदयात नळी घालावी लागते. ते गावोगाव होणार नाही. पण झडपांतून मागे येणाऱ्या झोतांवरून दोन्ही दाबांचा आणि महाधमनीच्या तोंडाशी एका ठोक्यातल्या रक्ताचा अंदाज इकोवरच घेता येतो. झोत प्रत्येकात स्वच्छ दिसत नाहीत, हे खरे. दिसतात तेव्हा तरी मोजा, आणि अहवालात उजव्या कप्प्याबद्दल 'नॉर्मल' या एका शब्दावर भागवू नका.

आपल्याकडे याची निकड जास्त आहे. डॉ. शिवरामकृष्ण पद्मावती यांनी दिल्लीत १९५०च्या दशकातच फुप्फुसांच्या आजाराने उजवे हृदय खचलेल्या रुग्णांचा अभ्यास केला आणि चुलीच्या धुराकडे बोट दाखवले. त्या रुग्णांत बायका मोठ्या संख्येने होत्या. राजस्थानात दगडखाणींतला सिलिकोसिस आहेच. अशा छातीवर डाव्या हृदयाचा आजार आला, तर नुसते पंपिंग पाहून काय कळणार?

एक धोका सांगितलाच पाहिजे. धमनी ताठ दिसली म्हणून फुप्फुसाचा रक्तदाब उतरवणारी महागडी औषधे डाव्या हृदयाच्या रुग्णाला देऊ नयेत. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असेच एक औषध, इपोप्रोस्टेनॉल, घेणाऱ्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णांत मृत्यू वाढताना दिसले आणि ती मधेच थांबवावी लागली. उतरवायचा आहे तो डाव्या बाजूचा दाब, आणि त्यासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या व हार्ट फेल्युअरची नेहमीची औषधे आहेत. तीही आपण पुरती देत नाही. राष्ट्रीय हार्ट फेल्युअर नोंदवहीत ५३ रुग्णालयांतले १० हजार ८५१ रुग्ण होते. त्यातले १४ टक्के ९० दिवसांत गेले, आणि पंपिंग कमी असलेल्यांपैकी निम्म्याहून कमी जणांना घरी जाताना ठरलेली औषधे लिहून मिळाली होती. ती चिठ्ठी पुरी लिहायला कुठलीही नळी लागत नाही.